धार मरण्याआधी

डब्याच्या घाईत टोमॅटो चिरायला घ्यावा आणि सुरी सालीवरून घसरावी, असं होतंच. मग आपण जोर लावतो. साल आत दबते, रस ओट्यावर सांडतो आणि हाती येणारी फोड चिरलेली कमी, चेंगरलेली जास्त असते. ‘धार गेली’ म्हणून ती सुरी ट्रॉलीच्या तळाशी जाते आणि बाजारातून दुसरी येते. पण त्या सुरीची धार बहुतेक वेळा गेलेली नसतेच. ती नुसती वळलेली असते. आज सकाळी या वळलेल्या धारेबद्दल बोलावंसं वाटतं. ती सरळ करायला दोन मिनिटं पुरतात आणि ती दोन मिनिटं दिली नाहीत, तर पुढे पुष्कळ काही वाया जातं.

पात्याचे दोन उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेघ म्हणजे धार. ही रेघ केसाहून कितीतरी बारीक असते. पोलाद कितीही कणखर असलं तरी इतकं बारीक झाल्यावर ते लवतं. सुरी पाटावर टेकली, गाजराच्या गाभ्यात अडकली, हाताने जरा तिरकी दाबली गेली, की ही रेघ कुठे डावीकडे तर कुठे उजवीकडे झुकते. बघायचं असेल तर धार वर करून सुरी खिडकीच्या उजेडात धरा आणि सावकाश कलती करा. धार शाबूत असते तिथे काही दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. जिथे ती वळली आहे किंवा चपटी झाली आहे, तिथे एक पांढरी बारीक रेघ लुकलुकते. बहुतेक सुऱ्यांवर ही रेघ पात्याच्या पोटाशी दिसते, कारण चिरण्याचं सगळं काम तिथेच होतं. टोक आणि मुठीजवळचा भाग कोरा राहतो.

पोलाद कशाने हरतं, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी दाढीच्या पात्याचा अभ्यास केला आणि २०२० साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. माणसाचा केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ. तरीही केस कापताना तो वाकला आणि धारेवरच्या एखाद्या कमजोर जागी तिरका टेकला, की पोलादाचा सूक्ष्म टवका उडतो, असं त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. पोलादाला हरवायला दगडच लागतो असं नाही. रोजचं मऊ काम, रोज जरासं तिरकं, एवढं पुरतं. वस्तऱ्यावर पोट असलेल्या नाभिकांनी हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखलं होतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दाढीआधी ते चामडी पट्ट्यावर वस्तरा चार वेळा फिरवून घेत. वस्तरा बोथट होण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

स्वयंपाकघरात तर आपण धारेला छळणाऱ्या सवयीच लावून घेतल्या आहेत. काचेच्या चॉपिंग बोर्डवर चिरणं, ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात फळ कापणं, म्हणजे धार दगडावर आपटणं. लाकडी पाट सर्वांत बरा, त्याखालोखाल प्लॅस्टिकचा. चिरलेला कांदा कढईत लोटताना आपण धारच पाटावर खरवडतो. त्यासाठी सुरी उलटी करून पाठ वापरावी. लिंबू किंवा कैरी चिरल्यावर सुरी तशीच ठेवली तर आंबट रस धारेवर बसून तिला खातो, आणि पातं साध्या लोखंडाचं असेल तर फारच लवकर. सिंकमध्ये पातेल्यांच्या ढिगाखाली पडलेली सुरी प्रत्येक भांड्यावर घासली जाते, आणि आत हात घालणाऱ्यालाही कापते. चिरून झालं की धुवावी, पुसावी, जागेवर ठेवावी. एवढं केलं तरी धार दुप्पट टिकल्यासारखी वाटते.

तरीही ती वळणारच, आणि ती सरळ करणारी वस्तू म्हणजे धार लावायची सळई. दुकानात तिला शार्पनिंग रॉड म्हणतात. मूठ असलेली, हातभर लांबीची, अंगावर उभ्या बारीक रेघा असलेली ही पोलादी कांडी असते. नावात शार्पनिंग असलं, तरी नवी धार काढणं हे तिचं काम नाही. झुकलेल्या रेघेला ती धरते आणि पुन्हा मधोमध उभी करते. सळईचं पोलाद सुरीच्या पोलादाहून कठीण असतं, म्हणून ते जमतं. रेघांमुळे ती थोडं पोलाद खरवडतेही, पण ते इतकं थोडं की वर्षभरात पात्याच्या रुंदीत डोळ्यांना फरक कळत नाही.

हे काम शांतपणे करायचं असतं. हॉटेलातले शेफ हवेत सळई धरून सपासप सुरी फिरवताना टीव्हीवर दिसतात. घरी त्याची गरज नाही. ओट्यावर नॅपकिनची घडी ठेवावी आणि सळईचं टोक त्यावर टेकवून ती सरळ उभी धरावी. सुरीचा मुठीजवळचा भाग सळईच्या वरच्या टोकाशी लावावा. कोन साधारण पंधरा ते वीस अंशांचा हवा. तो डोळ्यांत बसवण्यासाठी कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडावा, मग पुन्हा एकदा दुमडावा. उरतो तो कोन बाविसाच्या आसपास, आपल्याला त्याहून जरासा कमी हवा. मग सुरी खाली उतरवत उतरवत स्वतःकडे ओढावी, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतची सगळी धार एकदा सळईला लागून जाते. एकदा डावी बाजू, एकदा उजवी. असे प्रत्येक बाजूने पाच-सहा हात पुरे. जोर लावायचा नाही. सुरीचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. जोर लावला की वळलेली धार सरळ होण्याऐवजी दुसऱ्या बाजूला वळते. हात बरोबर पडत असला तर अखंड, बारीक आवाज येतो. कोन चुकला की तो खडबडतो किंवा पार नाहीसा होतो. दोन-चार दिवसांत कानच सांगू लागतो. शेवटी पातं ओल्या फडक्याने पुसावं, कारण त्यावर पोलादाची भुकटी असते. मग टोमॅटो घ्यावा. सुरी नुसती ओढली आणि साल न दबता फाकली, की काम झालं. अंगठा धारेवरून लांबीला फिरवून बघण्याची खोड मात्र सोडावी.

सगळ्या सळया सारख्या नसतात. आपल्या घरातल्या बहुतेक सुऱ्या मऊसर स्टेनलेस स्टीलच्या असतात. जर्मनीच्या सोलिंगेन शहरात पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या घडतात, त्याही फार कठीण नसतात. अशा पात्यांना पोलादी सळई मानवते. जपानी सुऱ्या जास्त कठीण असतात. त्यांची धार वळण्याऐवजी तुटते, म्हणून त्यांना सिरॅमिकची गुळगुळीत सळई बरी. हिऱ्याची पूड बसवलेली सळई पोलाद भराभर खाते. ती रोजच्या वापराची नाही. पावाच्या दातेरी सुरीला सळई लावूच नये. आणि सळई घरात नसली तरी अडत नाही. चिनी मातीचा कप पालथा घातला की बुडाशी एक खरखरीत, झिलई नसलेलं कडं दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी पाहुणे दारात असताना त्या कड्यावर सुरी घासून वेळ निभावून नेली आहे. ते कडं म्हणजे सिरॅमिकच. घाईच्या वेळी सापडलेली ही युक्ती पदार्थविज्ञानाच्या कसोटीवरही खरी उतरते.

सळईची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. धार वळली असेल तोवरच ती उपयोगी पडते. धार खरोखर झिजून गोल झाली, टवके उडाले, की सळई कितीही फिरवा, काही होत नाही. मग दगड लागतो. घरी पाणी लावून घासायचा धारेचा दगड असेल तर उत्तम, नाहीतर सायकलवर चाक बसवून ‘चाकू, सुरी, कैचीला धाऽऽर’ अशी हाळी देत येणारा धारवाला. त्याने पायडल मारलं, चाक गरगरलं आणि सुरी टेकली, की ठिणग्यांचा पिसारा उडतो. लहान मुलं त्यासाठीच भोवती जमतात. त्यातली एकेक ठिणगी म्हणजे पात्याचा जळत उडालेला कण असतो. पातं चाकावर फार वेळ राहिलं आणि तापून निळसर झालं, तर पोलादाचं पाणी उतरतं. मग धार लागते पण आठवडाभरही टिकत नाही. जाणता धारवाला म्हणूनच पातं पुन्हा पुन्हा उचलतो, पाण्यात बुचकळतो, कमीत कमी घासतो. त्याच्या हातातलं कसब पातं किती घासावं यापेक्षा किती घासू नये, हे जाणण्यात आहे.

जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरात अजून एखादी विळी सापडते, जिचं पातं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं उरलेलं असतं. ती भरपूर राबली हे खरं. पण त्या झिजेत खोबरं आणि भाजी यांचा वाटा थोडा आणि दगडाचा मोठा, हेही खरं. पातं चिरण्याने फार कमी झिजतं. ते झिजतं धार लावण्याने. प्रत्येक मोठी दुरुस्ती वस्तूच्या आयुष्यातून काहीतरी घेऊन जाते. रोजची निगा जवळजवळ काहीच नेत नाही. सळईचं सगळं सार मला यात दिसतं. निगा आणि दुरुस्ती ही एकाच कामाची लहान-मोठी रूपं आहेत असं आपण धरून चालतो. पण तसं नाही. निगा वस्तूला तिच्या मूळ जागी आणते. दुरुस्ती वस्तूचा काही भाग देऊन उरलेला वाचवते.

धारेची ही गोष्ट आपल्याकडे मिरजेत एका सुंदर वळणाने सुरांपर्यंत पोहोचली आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे कारागीर. राजेशाहीचे दिवस सरले, तलवारींचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतल्या शिकलगार घराण्यांतले कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सितारमेकर हे त्या परंपरेच्या आरंभीचं नाव. आज गाण्याच्या मैफलीत मिरजेचा तानपुरा मागे असणं ही खात्रीची खूण मानली जाते, आणि २०२४ साली तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पात्याची रेघ ओळखणारे हात लाकडाकडे आणि तारेकडे वळले. वाटतो तेवढा हा पल्ला लांब नाही.

तानपुऱ्याची निगा जवळून पाहा. गवई गायला बसण्याआधी तार जुळवतो. आधी खुंटी पिळतो, मग घोडीखालचा मणी केसभर सरकवतो, मग तारेखालचा सुताचा बारीक दोरा इतका हलका पुढे-मागे करतो की बघणाऱ्याला बोट हललेलंही दिसत नाही. आणि एकदम तार बोलू लागते. काल रात्री ती तुटली नव्हती की बिघडली नव्हती. हवेतल्या दमटपणाने, वाजवण्याने ती आपल्या जागेवरून जराशी ढळली होती. हे जुळवणं रोजचं. पण वर्षानुवर्षं तार घासून घासून घोडीच्या पृष्ठभागावर खाचा पडतात, आस कमी होते, आणि मग जवारी काढायला तानपुरा कारागिराकडे न्यावा लागतो. तो घोडी पुन्हा घासतो, त्या पृष्ठभागाचा अतिशय हलका उतार पुन्हा साधतो. हे दगडाचं काम. दर वेळी घोडीची थोडी उंची जाते. तार रोज नीट जुळवणाऱ्याला जवारी काढावी लागत नाही असं नाही. पण बेसूर तानपुऱ्याला दर वेळी कारागिराकडे धाडणारा गवई आपलं वाद्य लवकर संपवतो आणि गाणंही. गवयाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तार जुळल्याशिवाय त्याच्या तोंडून ‘सा’ निघत नाही.

आपल्या दिवसाची सुरुवात मात्र आपण अशी करत नाही. कालच्या झुकलेल्या धारेनेच आज कापायला लागतो. घरात एखादा शब्द लागतो. ‘काल मी जरा तोडून बोललो’ एवढं वाक्य दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बोललं गेलं, तर धार जागेवर येते आणि काही खर्च होत नाही. ते राहून गेलं, त्यावर दुसरा शब्द पडला, तिसरा पडला, की मग नातेवाईक मध्ये घालून बैठक बसवावी लागते. समेट होतो. पण ज्यांनी तो करून पाहिला आहे त्यांना ठाऊक असतं, की त्या ठिणग्यांबरोबर नात्याचा थोडा भाग कायमचा उडून गेला. कामाच्या जागीही हेच. वीस वर्षं तोच धडा शिकवणारे गुरुजी वर्गात जाण्याआधी पाच मिनिटं पुस्तक उघडतात, ते विसरले म्हणून नव्हे. रोजच्या शिकवण्याने नजर जराशी तिरकी होते, ती ते सरळ करून घेतात. असे गुरुजी निवृत्तीच्या दिवशीही ताजे असतात. वर्षं जाऊ देऊन मग एखाद्या प्रशिक्षणातून धार परत मिळेल असं मानणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा दगडच येतो.

आता पुन्हा ओट्यापाशी येऊ, कारण मला खरी तळमळ तिथली आहे. बोथट सुरी ही फक्त गैरसोय नाही. ती जोर मागते, आणि जोराने दाबलेली सुरी घसरली की कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. बटाट्यावरून निसटून बोटात घुसणारी सुरी बहुधा बोथटच असते. कांद्याचंही तसंच. त्याच्या पेशी फुटल्या की आतली द्रव्यं एकत्र येऊन डोळ्यांना झोंबणारं रसायन तयार होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०२५ साली वेगवान कॅमेऱ्यांनी कांदा कापताना पाहिलं गेलं. बोथट पातं कांद्याचा पापुद्रा आधी दाबतं, आत दाब साठतो, आणि तो फुटला की रसाचे बारीक थेंब जास्त जोराने आणि जास्त संख्येने वर उडतात. धारदार, सावकाश चालणाऱ्या पात्याने ते कमी उडतात. म्हणजे रोज सकाळी कांदा चिरताना डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातलं बरंचसं कदाचित कांद्याचं नसून आपल्या हयगयीचं असतं.

आणि ते पाणी वाहतं ते बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोळ्यांतून. दारातल्या मोटारसायकलचं सर्व्हिसिंग वेळेवर होतं, तिच्या ऑइलची तारीख लक्षात असते. सुरीकडे कुणी बघत नाही, कारण तिने होणारं काम मोजलंच जात नाही. सांधे धरलेल्या, बोटं वाकडी झालेल्या आजी दुधी चिरायला बसतात तेव्हा बोथट सुरी त्यांच्या मनगटातून रोज किंमत वसूल करते, आणि त्या बोलत नाहीत. एका धारदार सुरीने त्यांना आणखी काही वर्षं आपल्या हाताने भाजी चिरता येईल. ही गोष्ट एखाद्या औषधाहून कमी नाही.

खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. कित्येक घरांत त्या दिवशी विळी-सुरीही घासूनपुसून पाटावर मांडली जाते. ती पूजा चांगलीच आहे. अवजाराचे उपकार मानणारी संस्कृती ही श्रीमंत संस्कृती असते. पण अवजाराला वर्षातल्या एका फुलापेक्षा रोजची दोन मिनिटं जास्त हवी असतात.

म्हणून एक विनंती. घरात जो स्वयंपाक करत नाही, त्याने हे काम आपल्याकडे घ्यावं. चहा उकळतो आहे तोवर सळई उभी धरावी, सुरी दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढावी, पुसावी आणि मूठ पुढे करून स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती द्यावी. याला पैसे लागत नाहीत, ताकद लागत नाही, वेगळा वेळही लागत नाही. वर्षातून एक-दोनदा दगड लागेल तेव्हा धारवाल्याला बोलवा, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि पातं तापू देऊ नको असं सांगा. बाकीचे सगळे दिवस सळईचे आहेत. उद्या सकाळपासून सुरू करा.